खेळाचे गाव आणि गावकरी

इंटरनेटवरील काही खेळांत हजारो माणसे एकाच वेळी एका काल्पनिक जगात शिरतात. कोणी योद्ध्याचे सोंग घेतो, कोणी वैद्याचे, कोणी लोहाराचे. आणि ते सोंग वर्षानुवर्षे वठवितो. अशी जगे उभारण्यास अमाप पैसा लागतो. तरीही काही भरभराटीस येतात आणि काही ओस पडतात. चित्रे देखणी नव्हती, यंत्रे मंद होती, असे कारण सहसा सांगितले जाते. ते खोटे नव्हे, पण पुरेसेही नाही. माणूस पहिले चार दिवस खेळासाठी येतो. पुढे राहतो तो तेथील ओळखीपाळखीसाठी.

अमेरिकेत २००३ साली सुरू झालेला ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ हा खेळ पाहावा. त्यात तीसहून अधिक व्यवसाय होते. लढून आलेल्या योद्ध्याचा शीण औषधाने उतरत नसे. त्याला मद्यगृहात जाऊन नर्तकाचे नृत्य पाहावे किंवा वादकाचे वादन ऐकावे लागे. शस्त्रे झिजत, मग कारागिराचे दार गाठावे लागे. हाणामारीची आवड नसलेल्यालाही तेथे मान होता. आपल्याकडील बलुतेदारीची आठवण व्हावी अशीच ही रचना. जन्माने मात्र तीत कोणी बांधलेला नव्हता.

खेळात दोष पुष्कळ होते. त्यातच २००४ च्या नोव्हेंबरात ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला आणि त्याच्या सोपेपणाने लाखो लोक तिकडे वळले. चालकांचा धीर सुटला. नोव्हेंबर २००५ मध्ये, अवघ्या काही दिवसांच्या सूचनेनंतर, त्यांनी सारी घडीच बदलली. व्यवसाय नऊवर आले. तऱ्हेतऱ्हेचे कारागीर ‘व्यापारी’ या एका सदरात कोंबले गेले. दीर्घ परिश्रमाने मिळणारे जेडायपद पहिल्याच दिवशी वाटेल त्याला मिळू लागले. खेळ सोपा झाला खरा, पण ज्यांनी तेथे घरे बांधली, दुकाने थाटली, त्यांची कोणाला गरजच उरली नाही. जुने लोक निघून गेले, त्यांची जागा घेण्यास नवे पुरेसे आले नाहीत. डिसेंबर २०११ मध्ये खेळ बंद झाला.

जपानमधील ‘फायनल फँटसी १४’ ची कथा उलटी. सप्टेंबर २०१० मध्ये निघालेला हा खेळ देखणा होता. एका साध्या कुंडीच्या चित्रणातही खेळाडूच्या देहाइतका तपशील भरला होता! त्या ओझ्याने खेळ रखडू लागला आणि कंपनीवर क्षमा मागण्याची पाळी आली. डिसेंबरात नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रे आली. त्यांनी नवा खेळ रचावयास घेतला, पण जुना वाऱ्यावर सोडला नाही. तो दुरुस्त करीत राहिले आणि काय चालले आहे ते खेळाडूंना पत्रांतून कळवीत राहिले. नोव्हेंबर २०१२ मध्ये आकाशातील चंद्र कोसळून जुन्या जगाचा अंत झाला, तोही कथेचाच भाग म्हणून. ऑगस्ट २०१३ मध्ये नवे जग उघडले आणि जुन्या रहिवाशांना आपापली पात्रे घेऊन तेथे जाता आले. पडत्या काळात निदान तीन महिने वर्गणी भरून जे टिकले, त्यांना पुढील वर्गणीत सूट मिळाली आणि त्यांची नावे नव्या खेळाच्या श्रेयनामावलीत झळकली.