फिशरची चीर बुजते कशी?

विरार, नालासोपाऱ्यात ‘मूळव्याध, भगंदर, फिशर’ अशी तीन नावं एकाच पाटीवर असतात, म्हणून तिन्हींवर इलाजही एकच असेल असं रुग्णाला वाटतं. फिशरचं मूळ मात्र स्नायूत आहे. कडक शौचामुळे गुदद्वाराच्या नाजूक त्वचेला चीर पडते, बहुतेकदा मागच्या बाजूला मधोमध. तिथे रक्तपुरवठा आधीच कमी. त्यात आतला स्नायू, जो आपल्या इच्छेने सैल होत नाही, वेदनेने आवळून बसतो आणि उरलेलं रक्तही अडवतो. रक्ताअभावी जखम भरत नाही, जखम दुखते म्हणून स्नायू सुटत नाही. सहा-आठ आठवडे असं चाललं की चीर जुनी झाली. शेजारी त्वचेचा कोंब येतो आणि लोक त्यालाच मूळव्याध समजतात.

लोकलच्या डब्यात शौचालय नाही म्हणून विरार-चर्चगेट प्रवास करणाऱ्या कितीतरी बायका घरून निघताना पाणीच पीत नाहीत. अनेकदा शौच कडक होतं ते त्यामुळेच.

इसबगोल, भरपूर पाणी, कोमट पाण्यात बसणं आणि डिल्टियाझेमचं मलम यांनी भागलं नाही, तर पुढचा प्रश्न येतो: शस्त्रक्रिया की इंजेक्शन? दोन्हींचा रोख स्नायूवरच. १९५१ मध्ये शल्यविशारद आयझेनहॅमर यांनी हा स्नायू थोडा कापण्याची पद्धत मांडली. तेव्हा छेद मागच्या बाजूला घेत, तिथे खाच राहून शौचाची गळती होई. १९६९ मध्ये नोटारस यांनी तो त्वचेखालून, बाजूला घेतला. आज या शस्त्रक्रियेने नव्वद टक्क्यांहून अधिक चिरा भरतात. पण कापलेला स्नायू पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, आणि काहींना वायू रोखणं कायमचं अवघड जातं.

बोटॉक्सचं इंजेक्शन स्नायूला साधारण तीन महिने सैल ठेवतं. तेवढ्यात चीर भरली तर जिंकलं. यश शस्त्रक्रियेपेक्षा कमी, चीर परत येण्याची शक्यता जास्त. मात्र गळती झालीच तर सहसा तात्पुरती. मूळव्याधीचे कोंब सुकवायला देतात ते इंजेक्शन वेगळं, त्याने स्नायू सैल होत नाही.

माझ्या मते, तरुण, धडधाकट पुरुषाने शस्त्रक्रियेला उगाच घाबरू नये. बाळंतपणात फाटून टाके पडलेल्या बाईला मात्र आधी इंजेक्शनच सुचवायला हवं. तिचा स्नायू आधीच दुखावलेला असू शकतो. म्हणून बाळंतपण कसं झालं, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तिने सांगावं. चीर मधोमध नसून बाजूला असेल, तर क्षयरोग किंवा क्रोन्स या आतड्याच्या आजाराची तपासणी झाल्याशिवाय सुई नको आणि सुरीही नको.