महाराजपूर ते मिहान
जबलपूरच्या महाराजपूर भागातील तरुणांना यंत्रशाळेचे अप्रूप नाही. १९०४ साली स्थापन झालेला तोफगाड्यांचा कारखाना त्यांच्याच शहरात आहे. विमानांचे सुटे भाग मात्र नागपूरच्या मिहानमध्ये घडतात, आणि त्यासाठीच्या फिटरचा अभ्यासक्रम तेथील शासकीय आयटीआयमध्ये दासो कंपनीच्या साहाय्याने चालतो. अंतर पावणेतीनशे किलोमीटरांचे. अडसर त्याहून मोठा. स्थलांतरित उमेदवाराला मूळ राज्यातील जात-जमातीच्या दाखल्यावर दुसऱ्या राज्यात आरक्षण मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये दिला. प्रशासनात असताना मला तो योग्य वाटे, आजही वाटतो. पण उद्योग राज्यांच्या सीमा पाहून उभे राहत नाहीत. तेव्हा अशा परराज्यातील मुलांच्या वसतिगृहाचा व विद्यावेतनाचा भार केंद्राने उचलावा. नुसत्या शुल्कमाफीने ती नागपूरला पोहोचणार नाहीत.