देसाईगंज ते उसाचा फड

नांदेडमधील मुखेड-कंधार आणि लातूरमधील जळकोट या तालुक्यांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली; ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. तिथे बाईची कुणी छेड काढली, अंगाला हात लावला, तर कायदा तिच्यापर्यंत कसा पोचतो, एवढाच प्रश्न मी इथे घेतला आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

२६ मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर झाला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून संमती, असा तर्क होता. १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. भीतीने गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे, हा त्याचा गाभा. ८ मार्च १९८० रोजी अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला : पोलीस कोठडीतील अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालय तेच गृहीत धरते. हा खटला त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. मी ते नाव लिहीत नाही. पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा ठरवणारे कलमही त्याच दुरुस्तीने आणले.

दुसरा टप्पा राजस्थानचा. बालविवाह रोखू पाहणाऱ्या भटेरी गावच्या साथिनीवर १९९२ साली सामूहिक अत्याचार झाला. त्यातून 'विशाखा' याचिका उभी राहिली, १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि २०१३ साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला.

या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. कामगार कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तालुक्याला समन्वय अधिकारी नेमायचा. त्याने तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवायची. बाईला लिहिता येत नसेल तर समितीने लिहायला मदत करायची. चौकशी ९० दिवसांत. समेट बाईने मागितला तरच, आणि तोही पैशांच्या तडजोडीवर नाही. ठेकेदारामार्फत, मुख्य मालकाला न कळवता कामावर घेतलेली बाईही कायद्याने 'कर्मचारी' आहे. म्हणून 'टोळी मुकादमाची, आमचा संबंध नाही' हे उत्तर, माझ्या वाचनाप्रमाणे, कारखान्याला देता येऊ नये.

अडचण पुढे आहे. तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत करायची. कारण पटले तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. ऊसतोडीचा हंगाम मात्र पाच-सहा महिन्यांचा. नोव्हेंबरात त्रास झालेली बाई एप्रिलमध्ये गावी परतते, तेव्हा तिची मूळ मुदत उलटून गेलेली असते. शिवाय स्थानिक समितीचे कार्यक्षेत्र तिच्या जिल्ह्यापुरते. फड सांगलीत, बाई मुखेडची. परतल्यावर तिने कुठल्या दारात उभे राहायचे? १९७८ साली 'ओरडली का नाहीस' असे विचारले गेले; आज 'इतके दिवस का थांबलीस' असे विचारले जाते. दोन्ही वेळा तिच्यावर कुणाची सत्ता होती, हे बाजूला राहते.

यावर उपाय अवघड नाहीत. उचलीत अडकून फड सोडता न येणे हे मुदतवाढीचे पुरेसे कारण मानावे. कारखान्याची समिती कार्यालयात न बसता हंगामात फडावर, कोप्यांवर फिरावी. आणि टोळ्या निघण्याआधी, याच दिवसांत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर दोन फोन क्रमांक ठळक लिहावेत : आपल्या तालुक्याच्या समन्वय अधिकाऱ्याचा आणि जिथे जायचे त्या तालुक्याच्या. त्याला नवा कायदा लागत नाही; रंगाचा डबा लागतो.