मऊ शब्द आणि टणक अर्थ

कामगार संघटनेच्या कचेरीत इंग्रजी कागद आला, की आम्ही प्रथम त्यातील मऊ शब्दांखाली रेघ ओढतो. कठीण शब्द दाताखाली खड्यासारखे लागतात. मऊ शब्द मात्र न चावताच घशाखाली उतरतात. ज्या कागदाखाली सही करायची, त्यातील शब्द कोठून आला हे पाहणे ही केवळ पंडितांची हौस नव्हे. ती पोटावर हात घेऊन जगणाऱ्या माणसाचीही गरज आहे. म्हणून ‘मऊ करणे’ या कल्पनेभोवतीचे काही जुने इंग्रजी शब्द आपण तपासून पाहू.

आरंभ घरापासूनच करावा. आपला ‘मऊ’ हा शब्द संस्कृत ‘मृदु’वरून आला. लॅटिनमधील ‘मोलिस’ हा या ‘मृदु’चा भाऊबंद. त्यापासून इंग्रजीत ‘मॉलिफाय’, म्हणजे कोणाचा राग शांत करणे, आणि ‘इमॉलिअंट’, म्हणजे कातडी मऊ करणारे मलम, असे शब्द तयार झाले. वितळणे या अर्थाचा ‘मेल्ट’ हाही त्याच कुळातला.

काही शब्द भट्टीजवळचे आहेत. ‘अनील’ या शब्दाचा जुन्या इंग्रजीतील अर्थ पेटवणे, भाजणे. आज त्याचा अर्थ धातू तापवून सावकाश निवू देणे असा आहे. त्यामुळे धातूचा ताठरपणा जातो. ‘टेंपर’ हा लॅटिनमधून आला. त्याचे मूळ योग्य प्रमाणात मिसळणे. पोलाद लाल करून पाणी दिले की ते कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून थोडा कठीणपणा काढून टाकावा लागतो. तसे न केले तर छिन्नीची धार पहिल्याच घावाला उडते. येथे मऊपणा म्हणजे दुबळेपणा नव्हे, टिकाऊपणा होय. १९०७ साली सुरतेस काँग्रेस दुभंगली, तेव्हाच्या ‘मॉडरेट’ पक्षाला मराठीने ‘मवाळ’ म्हटले. मूळ लॅटिन शब्दात ‘माप’ आहे, मऊपणा नाही. मापाचा मवाळपणा झाला आणि नावाचा टोमणा बनला.

काही शब्द दयेचे आहेत. ‘रिलेंट’ म्हणजे पूर्वी वितळणे, विरघळणे; पुढे त्याचा अर्थ मन द्रवणे असा झाला. आपणही दगडाला पाझर फुटला असे म्हणतोच. ‘लीनियंट’ हा शब्द आधी वेदना शमवणाऱ्या औषधाला लावीत, नंतर सौम्य न्यायाधीशाला लावू लागले. ‘मिटिगेट’ म्हणजे सौम्य करणे. न्यायालयात त्याने शिक्षा खरोखरच कमी होते.

पण ‘पॅलिएट’ पाहा. लॅटिन ‘पॅलिअम’ म्हणजे अंगावर घेण्याचा झगा. तेव्हा ‘पॅलिएट’ म्हणजे झाकणे. असाध्य रोग्याच्या वेदना कमी करणारे उपचार ही थोर सेवा आहे, यात शंका नाही; परंतु अन्यायावर झगा पांघरला तर अन्याय आतल्या आत वाढतो. म्हणून आमची कसोटी एवढीच: मऊ काय झाले, वस्तू की तिचे नाव?

ही कसोटी कामगारांच्या इतिहासाला लावून पाहावी. मुंबईच्या गिरण्यांत ‘एफिशिअन्सी’ म्हणजे कार्यक्षमता या गोंडस नावाखाली कातणाऱ्याला एका बाजूऐवजी दोन बाजू आणि विणकराला दोन साच्यांऐवजी तीन साचे सांभाळावयास सांगण्यात आले. नाव मऊ होते, काम मात्र वाढले आणि माणसे कमी होणार होती. या गोष्टीच्या विरोधात, आणि इतर मागण्यांसाठी, १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर राहिले.

‘रिट्रेंचमेंट’ हा फ्रेंचमधून आलेला शब्द; त्याचे मूळ कापून टाकणे. खंदकाला म्हणतात तो ‘ट्रेंच’ त्याचाच सख्खा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली या शब्दाची व्याख्या घातली गेली, आणि तिच्याबरोबर किंमतही ठरली: किमान एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. घाव टळला नाही, पण थोडा सौम्य झाला. हे खरे ‘मिटिगेट’ करणे. पुढे ‘व्हॉलंटरी रिटायरमेंट’ आले, मराठीत स्वेच्छानिवृत्ती. त्यात लॅटिन ‘व्होलुंटास’ म्हणजे इच्छा आहे. ती इच्छा कोणाची, हे विचारल्याशिवाय कोणी सही करू नये.

१९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने हे आदेश इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावण्याचे बंधन मालकावर घातले होते. त्यामागचा हेतू आपण विसरू नये. कागद आपल्या भाषेत मागावा, मोठ्याने वाचून घ्यावा आणि प्रत्येक मऊ शब्दाखाली हात घालून आत काय आहे ते चाचपून पाहावे.