गोव्यातलं फाइव्ह स्टार हॉटेल: समुद्रकिनाराही हॉटेलचाच असतो का?

सुट्टीत बारामती-इंदापूरहून गोव्याला निघणार असाल, तर बुकिंगआधी हे वाचा.

हॉटेल कुठे आहे?
कांदोळीजवळ आग्वाद किल्ल्याला लागून ताजचं रिसॉर्ट १९७४ मध्ये सुरू झालं. मांडवीच्या मुखाशी पोर्तुगिजांनी हा किल्ला १६१२ मध्ये पूर्ण केला. पोर्तुगीज भाषेत 'आग्वा' म्हणजे पाणी. लांबून आलेली जहाजं इथल्या झऱ्याचं गोडं पाणी भरून घेत.

किनारा कुणाचा?
सगळ्यांचा. दोनापावलाजवळच्या एका किनाऱ्याची वाट हॉटेलच्या बांधकामामुळे अडली. ग्रामस्थ कोर्टात गेले. किनारा ही जनतेची ठेव आहे, सरकार फक्त विश्वस्त. वाट खुली ठेवावीच लागेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २००९ रोजी दिला.

बिल किती वाढतं?
२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या रूमवर ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे ७,५०० ची रूम ७,८७५ ला पडते, ८,००० ची थेट ९,४४० ला.

थोडक्यात काय?
पैसे रूमचे आणि स्विमिंग पूलचे. समुद्र बघायला बुकिंग लागत नाही.