वाट पाहण्याची गोष्ट

एखाद्या गोष्टीचा पहिला दिवस पूर्ण उलटून जावा आणि तरीही तिच्यात काही म्हणजे काही घडू नये, असा अनुभव तुम्हाला कधी आला आहे का? दोन माणसे वाळूवर बसली आहेत. अर्ध्या तासाने पाहावे तर ती तिथेच आहेत. आणखी अर्ध्या तासाने एकाने किंचित हालचाल केलेली दिसते. मग वाळूचा एक लहानसा ढीग दिसू लागतो. एवढ्यावर कोणी म्हणेल, ‘ही कसली गोष्ट? हिला ना आगा ना पिछा!’ आणि तसे म्हणणाऱ्याला दोष देता येणार नाही. तरीसुद्धा ही गोष्ट २०१३ साली हजारो लोकांनी चार महिने, तासातासाला डोकावून पाहिली आणि तिच्यावर भरभरून बोलले. ते तसे का वागले, आणि त्यातून आपल्याला काही घेण्यासारखे आहे का, हे आज तुम्हाला सांगायचे आहे.

महाजालावर, म्हणजे इंटरनेटवर, प्रसिद्ध होणाऱ्या चित्रकथेला वेबकॉमिक असे म्हणतात. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात आपण जी चित्रपट्टी वाचतो, तिचीच ही धाकटी बहीण समजा. रँडल मन्रो नावाचे एक अमेरिकन गृहस्थ २००५ सालापासून ‘एक्सकेसीडी’ नावाची अशी मालिका काढीत आले आहेत. या चार अक्षरांना काही अर्थ नाही. तो शब्दच नव्हे. मन्रो हे शिक्षणाने पदार्थविज्ञानाचे. काही काळ ‘नासा’ या अंतराळसंस्थेत यंत्रमानवांच्या विभागात त्यांनी काम केले. त्यांची चित्रे मात्र अगदी साधी. वाटोळे डोके आणि काड्यांचे हातपाय! पाटीवर लहान मूल काढील तशी माणसे. आठवड्यातून तीन दिवस एकेक चित्र यायचे, बहुधा गणितावरचा नाहीतर विज्ञानावरचा विनोद, आणि तिथेच ते संपायचे.

पण २५ मार्च २०१३ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र झाली, त्या वेळी आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजले होते, तेव्हा या मालिकेतले ११९० वे चित्र आले. त्याचे नाव ‘टाइम’, म्हणजे ‘काळ’. या चित्रात विनोद नव्हता, शब्दही नव्हता. फक्त ती दोन माणसे. सोबतच्या टिपेत वाचकाला थोडा धीर धरायला सांगितले होते, इतकेच. अर्ध्या तासाने ते चित्र बदलले. कोणी सांगितले नाही, कोणी दवंडी पिटली नाही. जुने गेले, त्या जागी नवे आले. ३० मार्चपर्यंत दर अर्ध्या तासाने आणि पुढे दर तासाला असा हा क्रम २६ जुलैपर्यंत, म्हणजे १२३ दिवस चालला. एकंदर ३,०९९ चित्रे झाली. सेकंदाला एक या वेगाने ती आज पाहायची म्हटली तर तासही लागत नाही. बावन्न मिनिटांत आटोपतात. तेव्हा मात्र चार महिने लागले. या दोन पाहण्यांत जो फरक आहे, तोच आपला विषय आहे.

आधी गोष्ट काय ते थोडक्यात सांगतो. दिवाळीत आपली मुले अंगणात किल्ला करतात ना, तसा ती दोघे, एक तरुण आणि एक तरुणी, समुद्रकाठी वाळूचा किल्ला बांधीत असतात. त्यांना नावे नाहीत. किल्ला वाढतो, बुरूज चढतात. आणि मग त्यांच्या लक्षात येते की पाणी वर येत आहे. भरती नव्हे. भरती येते तशी जाते. हे पाणी येते, पण मागे हटत नाही. समुद्र का वाढतो आहे, हे त्यांना कळत नाही आणि ठाऊक असेल असा जाणता माणूसही त्यांच्या ओळखीत नाही. तेव्हा ती दोघे कारण शोधायला निघतात. चालत राहतात. नदी लागते, झाडेझुडपे लागतात, मग चढण, मग डोंगर. बरीच चित्रे निव्वळ चालण्याची आहेत. बोलणे मोजकेच. पुढे डोंगराळ मुलखात त्यांना परकी माणसे भेटतात. त्यांची भाषा वेगळी, लिपी वेगळी. त्यांच्यातल्या एका स्त्रीला यांची भाषा थोडीफार येते. तिच्याकडून यांना कळते की यांचा सारा सखल मुलूख पाण्याखाली जाणार आहे. आता काय करायचे? उंचावर आहोत तर इथेच राहायचे? पण मागे आपली माणसे आहेत! ती दोघे आल्या वाटेने परत पळत सुटतात.

आता वाचकांकडे वळू. काही घडत नसले म्हणजे वाचक काय करतो? एकतर उठून जातो, नाहीतर निरखून पाहू लागतो. जे टिकले ते निरखून पाहू लागले. कालच्या चित्रात पाण्याची रेघ कुठे होती, आज कुठे आहे, हे ते मोजू लागले. जुने चित्र नाहीसे होत असल्यामुळे काहींनी प्रत्येक चित्र जपून ठेवण्याची व्यवस्था केली. वाचकांनी केलेल्या अशा संग्रहांमुळेच सारी कथा क्रमाने सहज पाहता येऊ लागली. ज्यांचा डोळा लागे त्यांना जागे असलेले लोक मागचा वृत्तांत सांगत. जगाच्या एका बाजूला रात्र असली तरी दुसरीकडे दिवस असतोच. काळ मोजायला त्यांनी स्वतःचे एककही काढले: एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंतचा अवधी तो एक ‘न्यूपिक्स’. आधी तो अर्ध्या तासाचा होता, पुढे तासाचा झाला! पारावर रोज बसणाऱ्या मंडळींचे जसे आपले शब्द, आपल्या खुणा, आपले थट्टेचे विषय तयार होतात, तसेच इथेही झाले. फरक इतकाच की या पारावरची माणसे एकमेकांना कधी भेटली नव्हती.

अशा चर्चेत तीन प्रकारचे बोलणे असते. एक, ‘मला हे दिसलं.’ दोन, ‘मला असं वाटतं.’ आणि तीन, ‘मघा वाटलं होतं, ते आता खरं ठरलं किंवा खोटं ठरलं.’ पहिले दोन प्रकार कुठेही ऐकायला मिळतात. तिसऱ्याला मात्र धैर्य लागते, कारण त्यात आपली चूक चारचौघांत कबूल करावी लागते. ज्या चर्चेत हा तिसरा प्रकार असतो, ती चर्चा पुढे सरकते. नसेल तर नुसता गलका होतो.

याचे एक सुंदर उदाहरण सांगतो. चालता चालता त्या दोघांना रात्र होते आणि चित्रात तारे दिसतात. काळ्या कागदावर पांढरे ठिपके. दुसऱ्या कोणत्या गोष्टीत असते तर ती शोभा म्हणून आपण सोडून दिली असती. पण इथे डोळे सरावले होते. कोणी म्हणाले, ‘हे ठिपके वाटेल तसे टाकलेले नाहीत.’ आणि मग आकाशाशी ताळा पाहणे सुरू झाले.

इथे थोडे खगोल सांगायला हवे. पृथ्वीचा आस स्थिर नाही. भोवरा फिरता फिरता डुलतो, तसा तो डुलतो आणि एक फेरा पुरा करायला त्याला सुमारे २६,००० वर्षे लागतात. आज तो ज्या ताऱ्याकडे रोखलेला आहे त्याला आपण ध्रुव म्हणतो आणि अढळपदाची कथाही सांगतो. परंतु आणखी सुमारे बारा हजार वर्षांनी उत्तर ध्रुवाचा मान अभिजित या तेजस्वी ताऱ्याकडे जाईल. शिवाय तारे स्वतःही अतिशय मंद गतीने सरकत असतात. म्हणजे आकाश हे एक फार मोठे पंचांगच आहे. ताऱ्यांच्या जागा नीट दिल्या असतील तर साल काढता येते. वाचकांनी ते काढले. गोष्ट भूतकाळातली नव्हती, आजचीही नव्हती. ती आपल्यानंतर सुमारे अकरा हजार वर्षांनी घडत होती! कथा संपल्यावर मन्रो यांनीही याला दुजोरा दिला. सैल, विस्कळीत वाटणाऱ्या त्या गोष्टीच्या तळाशी इतका पक्का पाया होता.

मग हा वाढणारा समुद्र कोणता? तो भूमध्य समुद्र. पण भूमध्य समुद्र तर भरलेला आहे, तो आणखी कसा भरणार? याचे उत्तर भूगर्भशास्त्रात आहे. या समुद्राला नद्या आणि पाऊस मिळून जेवढे पाणी देतात, त्याहून अधिक पाण्याची उन्हाने वाफ होते. ही तूट अटलांटिक महासागरातून भरून निघते. मधली वाट एकच, जिब्राल्टरची सामुद्रधुनी. अरुंद जागी तिची रुंदी जेमतेम १४ किलोमीटर आहे. हे दार लागले तर समुद्र आटू लागेल. आणि तसे एकदा घडलेही आहे. १९७० साली ‘ग्लोमार चॅलेंजर’ या संशोधन जहाजाने भूमध्य समुद्राच्या तळाला विंधणे घेतली, तेव्हा तिथे मिठाचे आणि जिप्समचे थर लागले. पाणी आटल्यावाचून असे थर बसत नाहीत. त्यावरून शास्त्रज्ञांनी ठरविले की सुमारे ६० लाख ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या काळात हा समुद्र महासागरापासून तुटला होता आणि बऱ्याच अंशी आटला होता. पुढे बांध फुटला आणि अटलांटिकचे पाणी आत कोसळले. मन्रो यांनी कल्पना केली ती अशी की दूरच्या भविष्यात हे पुन्हा घडले आहे. आटलेल्या समुद्राच्या खोलगट तळाशी माणसे राहत आहेत आणि तो बांध आता फुटला आहे.

एवढे कळले म्हणजे पहिल्या दिवसाच्या त्या रिकाम्या चित्रांना केवढा अर्थ येतो, पाहा. ती दोन माणसे किनाऱ्यावर बसली होती, तो किनारा म्हणजे बुडू घातलेल्या जगाची कड होती. त्यांना ते ठाऊक नव्हते. आपल्यालाही नव्हते. पाणी बोटभर चढले हे ज्याच्या ध्यानात आले, तोच ‘का?’ असे विचारू शकला; आणि ज्याने विचारले, तोच आपल्या माणसांना सावध करू शकला. ती दोघे वेळेवर परत पोहोचतात आणि तराफ्यावर माणसे तरून जातात. कथेतल्या जोडीने जे केले तेच वाचकांनीही आपल्या परीने केले: हळू बदलणाऱ्या गोष्टीवर नजर ठेवली. मला वाटते, या गोष्टीचे खरे मर्म इथे आहे. मोठी संकटे पुष्कळदा गर्जना करीत येत नाहीत. विहिरीचे पाणी दरसाल हातभर खाली जाते, नदीचा काठ दर पावसाळ्यात थोडा ढासळतो, घरातले म्हातारे माणूस दर महिन्याला थोडे कमी जेवते. रोज पाहणाऱ्याला ते दिसत नाही. रोज निरखणाऱ्याला दिसते.

२०१४ साली या कथेला विज्ञानकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार चित्रकथेच्या विभागात मिळाला. तो योग्यच होता. पण म्हणून सगळ्याच सैल गोष्टींच्या पोटात असे रत्न असते, असे मात्र समजू नका. कित्येक मालिका केवळ चालू ठेवायच्या म्हणून चालतात. लेखकालाच पुढचे ठाऊक नसते आणि वाचक बिचारे नसलेले धागे जुळवीत बसतात. चर्चेलाही एक व्यसन जडते: जिथे तिथे गूढ दिसू लागते, एखाद्या खडकाच्या सावलीवर दोन-दोन दिवस वाद होतो. त्या परक्या लोकांच्या लिपीचेच घ्या. वाचकांनी तिची चिन्हे मोजली, तक्ते केले. पण अर्थ काही सहजासहजी हाती लागला नाही. तेव्हा ‘इथे आपल्याला कळत नाही’ असे म्हणून थांबणे हाही चांगल्या वाचनाचाच भाग आहे. कथेतल्या त्या दोघांनाही ती भाषा कळत नव्हतीच की!

तुम्हाला ही कथा आज पाहायची असेल तर एकच सुचवितो. बावन्न मिनिटांत ती संपवू नका. रोज थोडी चित्रे पाहा, शक्य तर घरातल्या कोणाला सोबत घेऊन. एका कागदावर दोन रकाने आखा: एकात ‘दिसले ते’, दुसऱ्यात ‘वाटले ते’. आठ दिवसांनी दुसरा रकाना पुन्हा वाचा आणि चुकलेल्या ओळींवर हसत हसत काट मारा. ज्यांना शेवट ठाऊक आहे त्यांना तो तुम्हाला सांगू देऊ नका. आता कोणी म्हणेल, ‘मग तुम्ही तो कसा सांगितला?’ आरोप मान्य आहे. पण मी फक्त कोण वाचले एवढेच सांगितले. पाणी कसे चढते आणि त्या वेळी माणसाच्या मनात काय होते, ते तुमचे तुम्हालाच पाहायला हवे. आणि त्यासाठी थोडे थांबायला हवे.