निर्धन जादूगाराचा पल्ला

संगणकावरच्या रणखेळांपैकी ज्याने गेल्या दीड दशकात जगभरच्या तरुणांच्या रात्री सर्वाधिक खाल्ल्या असाव्यात, तो ‘लीग ऑफ लेजंड्स’ हा खेळ अमेरिकेतील रायट गेम्स या कंपनीने २७ ऑक्टोबर २००९ रोजी प्रसिद्ध केला, आणि त्यातील पात्रे, शस्त्रे व नियम पंधरवड्या-पंधरवड्याला बदलत आले असले तरी त्याच्या रणांगणाचा मूळ आराखडा अद्याप कायम आहे. दोन विरुद्ध कोपऱ्यांत दोन फौजांचे तळ, त्यांना जोडणारे वरचा, मधला व खालचा असे तीन मार्ग, त्यांच्यामध्ये नदी आणि घनदाट जंगल, आणि प्रत्येक बाजूला पाच माणसे. ही माणसे बहुधा एकमेकांना ओळखतही नाहीत. तरीही अर्ध्या तासाच्या त्या लढाईत त्यांच्यात जी कामाची वाटणी होते ती एखाद्या जुन्या संस्थानाच्या दफ्तरात शोभावी इतकी काटेकोर असते. या वाटणीत सर्वांत कमी मोबदल्याची जागा सपोर्टची. त्या जागेवर अतिशय खर्चिक स्वभावाच्या, दूरवरून मारा करणाऱ्या जादूगाराला नेमण्याची जी वहिवाट पडली आहे, तिच्याविषयी हा लेख आहे.

आधी मोबदल्याचा प्रश्न. प्रत्येक मार्गावरून संगणकचालित शिपायांच्या, म्हणजे मिनियनच्या, तुकड्या ठरावीक अंतराने चालत येतात आणि त्यांच्यापैकी एखाद्यावर अखेरचा घाव जो घालील त्यालाच त्याचे गोल्ड मिळते. खालच्या मार्गावर दोघे उभे असतात, पण उत्पन्न एकाच्याच पोटापुरते असते. म्हणून तेथे बंदूकधारी किंवा धनुर्धर, ज्याला खेळाडू एडीसी म्हणतात, तो सारा महसूल गोळा करतो, आणि दुसऱ्याने त्याला हात न लावता त्याचे रक्षण करायचे, असा संकेत आहे. हा संकेत युरोपातील खेळाडूंनी रूढ केला. त्यांच्यापैकी फनॅटिक या संघाने २०११ च्या जूनमध्ये स्वीडनमधील यॉनशॉपिंग येथे झालेली पहिली जागतिक स्पर्धा जिंकली आणि पुढे अवघ्या जगाने ही मांडणी स्वीकारली. त्या काळच्या सपोर्टची दशा खरोखर केविलवाणी होती. सोराका, जॅना, टॅरिक अशी औषधोपचार करणारी किंवा ढाल धरणारी पात्रे निवडायची आणि हाती येईल ते पंचाहत्तर-पंचाहत्तर गोल्ड वॉर्ड विकत घेण्यात घालवायचे. वॉर्ड म्हणजे अंधारात पुरून ठेवलेला डोळा. नकाशावरचा जो भाग आपल्या माणसांच्या नजरेत नाही तो धुक्याखाली असतो, आणि वॉर्डमुळे तेवढ्या टापूतले धुके निवळते. २०१३ च्या नोव्हेंबरात कंपनीने प्रत्येक खेळाडूस फुकट वॉर्डाची सोय दिली व एकाने किती लावावेत यावरही मर्यादा घातली, तेव्हा कोठे सपोर्टच्या खिशात चार पैसे शिल्लक राहू लागले. जादूगाराला या जागेवर बसण्याची खरी मुभा मिळाली ती या सुधारणेने, असे माझे मत आहे.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. या जातीच्या खेळांचा मूळपुरुष जो ‘डोटा’, त्यात जादूगाराच्या मंत्राची मारकशक्ती सामान्यतः त्याच्या पातळीनुसार ठरलेली असे, आणि त्याने बाजारातून काय घेतले याच्याशी तिचा फारसा संबंध नसे; त्यामुळे गरीब जादूगार हा तेथे विरोधाभास नव्हे, स्वाभाविक स्थितीच होती. तेथील क्रिस्टल मेडन ही हिमकन्या जन्मभर दरिद्री राहून आणि कूर्मगतीने चालूनही साऱ्या संघाला माना, म्हणजे मंत्रशक्ती, पुरवीत राहते, आणि त्यात कोणाला अन्याय वाटत नाही. लीगच्या निर्मात्यांनी हा पाया बदलला. त्यांनी मंत्राचे बळ विकत घेता येईल अशी व्यवस्था केली, आणि त्या क्षणी जादूगार धनलोभी झाला. मधल्या मार्गावर एकटा उभा राहून सारे उत्पन्न आपल्याच नावे जमा करणारा, भारी ग्रंथ व काठ्या विकत घेऊन एका फटक्यात माणूस नाहीसा करणारा, असा तो सावकार बनला. त्यालाच उचलून खालच्या मार्गावर दुसऱ्याच्या दिमतीला उभे करायचे, म्हणजे त्याच्या बळाचे मूळच तोडायचे. मग तो उपयोगी पडतो कसा?

उत्तर असे की जादूगाराच्या सर्वच गोष्टी पैशाने येत नाहीत. ब्रँड या अग्निपुरुषाची आग शत्रूच्या एकूण प्राणशक्तीच्या टक्केवारीने जाळते, त्यामुळे धिप्पाड शत्रूपुढे त्याची गरिबी झाकली जाते. झायरा बिया पेरते आणि त्यांतून उगवलेल्या वेली तिच्या वतीने लढतात. लक्स प्रकाशाची बेडी फेकून ओळीतल्या दोघांचे पाय जखडते. ती बेडी श्रीमंत लक्सची असो वा भिकारी लक्सची, जखडण्याचा काळ तोच. या सर्वांपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो पल्ला. दोन हजार गोल्ड खर्चूनही बंदूकधाऱ्याची बंदूक सहसा लांब पोचत नाही, आणि एक कवडीही न खर्चता दूरपल्ल्याच्या जादूगाराचा मंत्र पहिल्या मिनिटापासून तितकाच दूर जातो. पल्ला ही त्याची वतनी जमीन आहे; तिच्यावर जप्ती येत नाही.

पल्ल्याचा हा गुण ज्याच्या ठायी पराकोटीला गेला आहे तो झेराथ. कथेप्रमाणे हा शुरिमा नामक वाळवंटी साम्राज्यातला एक गुलाम. राजपुत्र अझीरने त्याच्याशी मैत्री केली, सम्राट झाल्यावर अखेर दासांना मुक्तही केले, परंतु तोवर झेराथच्या मनातले विष इतके मुरले होते की दिव्यत्वप्राप्तीच्या विधीत त्याने मित्रालाच बाजूस लोटून ती शक्ती स्वतः हस्तगत केली आणि त्या स्फोटात सारे साम्राज्य वाळूखाली गेले. ज्याने दास्य झुगारण्यासाठी एवढा संहार केला त्याला खेळाडूंनी पुन्हा सेवकाच्या जागी नेमावे, यातला विनोद कथाकारांच्या मनात नसेल, पण मला तो फार आवडतो.

झेराथची मुख्य शक्ती म्हणजे हातात साठवून सोडायचा प्रकाशदंड. कळ दाबून धरली की दंडाची लांबी वाढत जाते आणि त्या काळात झेराथची चाल मंदावते. पूर्ण ताणल्यावर तो सुमारे चौदाशे एककांपर्यंत पोचतो, तर केट्लिन या सर्वांत लांब बंदुकीच्या नायिकांपैकी एकीचा साधा पल्ला साडेसहाशेचा; म्हणजे दुपटीहून अधिक अंतर. दुसरी शक्ती जमिनीवर वर्तुळ आखते आणि अर्ध्या सेकंदाच्या आसपास थांबून तेथे वीज पाडते; वर्तुळाच्या केंद्रावर मार अधिक आणि चाल मंदावणेही अधिक. तिसरी म्हणजे विद्युद्गोल, जो जितका दूर जाऊन लागेल तितका शत्रूला अधिक काळ बधिर करतो, पण वाटेत एखादा मिनियन आला तर त्याच्यावरच फुटतो. चौथी, जिला सारे अल्टी म्हणतात, तिच्यासाठी झेराथ एका जागी खिळून बसतो आणि पाच हजार एककांच्या टप्प्यात एकामागून एक उल्का टाकतो.

यांतली कोणतीही शक्ती आपोआप लागत नाही. प्रत्येक नेम खेळाडूनेच धरायचा, आणि समोरचा माणूस काही खांबासारखा उभा नसतो. नवशिके शत्रू आहे तेथे मारतात, थोडे सरावलेले शत्रू जिकडे पळतो आहे तिकडे मारतात, आणि या दोहोंना समोरचा चतुर खेळाडू अर्धे पाऊल मागे घेऊन चकवतो. जाणकार मात्र मिनियनकडे पाहतात. शत्रूपक्षाच्या एडीसीला पोट भरायचे असेल तर मरणोन्मुख मिनियनपाशी येऊन, क्षणभर थांबून, अखेरचा घाव घालावाच लागतो. तो क्षण आणि ती जागा त्याने निवडलेली नसते, मिनियनच्या उरलेल्या प्राणांनी ठरवलेली असते. म्हणून वर्तुळ शत्रूच्या पायाखाली न आखता त्या मिनियनच्या मागे, जेथे शत्रूला येणे भाग आहे तेथे आखायचे. तो आला तर भाजतो. न आला तर गोल्ड बुडते. पाच मिनिटे असे चालले की समोरचा खेळाडू दर मिनियनपाशी कचरू लागतो, आणि मंत्र न टाकताही त्याचे काम होऊ लागते. अशा जाचाला खेळाडू पोक म्हणतात. सपोर्टच्या जागेवरील जादूगाराची खरी कामगिरी ही आहे, किल, म्हणजे शत्रूचा वध, मिळवणे ही नव्हे. आणि नेमके हेच पुष्कळांना उमगत नाही.

किलचा मोह तर पदोपदी. एडीसीने मेहनतीने अर्धमेला केलेला शत्रू पळतो आहे, झेराथची उल्का तयार आहे. ती पडली तर किलचे साधारण तीनशे गोल्ड झेराथच्या नावे, आणि एडीसीच्या वाट्याला असिस्टचे उष्टे. लगेच बाजूच्या चॅटमध्ये ‘केएस’, म्हणजे किल चोरली, म्हणून शिव्यांची लाखोली सुरू होते. शत्रू निसटणारच असेल तर खुशाल मारावा, कारण कोणालाच न मिळालेल्या गोल्डचा कोणालाच उपयोग नाही. परंतु एडीसीच्या एका गोळीत जो पडणार आहे त्याच्यावर मंत्र वाया घालवणे म्हणजे कारकुनाने खजिन्यात हात घालणे होय.

खर्चाचेही तसेच. सुरुवातीला हाती पाचशे गोल्ड असतात. त्यांतले चारशे सपोर्टच्या खास वस्तूवर जातात, आणि ही वस्तू शत्रूवर मारा केला की थोडे-थोडे गोल्ड देत राहते, म्हणजे दूरवरून नेम साधणाऱ्याला तिचे हप्ते सर्वांत कमी धोक्यात वसूल करता येतात. त्यानंतर मंत्रबळ वाढवणाऱ्या महागड्या ग्रंथाकडे डोळा असतो, पण शहाणा खेळाडू आधी सॉर्सरर्स शूज घेतो. कारण असे की एडीसी मंडळींचा मंत्ररोध मुळात तीसच्या आसपास असतो आणि पुढे फारसा वाढत नाही. तो भेदणारे हे जोडे कमी पैशात जितका परिणाम देतात तितका अर्धवट विकत घेतलेला ग्रंथ देत नाही. आणि तळावर जाऊन येताना दर खेपेस पंचाहत्तरचा कंट्रोल वॉर्ड. मला असे सपोर्ट-जादूगार भेटले आहेत की ज्यांच्या पिशवीत तीन ग्रंथ होते आणि नकाशावर एकही डोळा नव्हता. त्यांना सपोर्ट म्हणण्यापेक्षा वाट चुकलेले मधल्या मार्गाचे खेळाडू म्हणणे अधिक यथार्थ.

व्यावसायिक स्पर्धांत या जादूगारांचे दिवस पालटत राहिले. २०१६ च्या जागतिक स्पर्धेत झायराने खालच्या मार्गावर असा उच्छाद मांडला होता की न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील उपांत्य सामन्यात रॉक्स टायगर्सच्या गोरिला या सपोर्टने तिच्यावर उतारा म्हणून मिस फॉर्च्यून ही बंदूकधारी नायिकाच सपोर्टच्या जागी आणली. झायराच्या वेली तिच्या गोळ्यांच्या पावसात कोमेजल्या, रॉक्सने लागोपाठ दोन डाव जिंकले, प्रेक्षक उभे राहिले. तरी अखेर एसकेटी टी१ ने तो सामना तीन विरुद्ध दोन असा काढला आणि पुढे विश्वविजेतेपदही. कोरियाचा सपोर्ट खेळाडू केरिया, ज्याच्या टी१ संघाने २०२३, २०२४ व २०२५ ही तिन्ही वर्षे विश्वविजेतेपद पटकावले, तो तर सपोर्टच्या जागी कोणते पात्र बसू शकते याच्या सीमाच पुसत आला आहे. केट्लिन आणि लक्स ही जोडीही अशीच गाजली. लक्सने बेडी घालायची, जखडलेल्याच्या पायाखाली केट्लिनने सापळा लावायचा, आणि सापळ्यात अडकलेल्यावर पुन्हा अचूक गोळी; एकदा पाय अडकला की सुटका नाही.

आपल्याकडे या खेळाचा प्रसार मोबाईलवरच्या नेमबाजी खेळांच्या मानाने थोडाच. २०२३ साली हांगझौच्या आशियाई क्रीडास्पर्धांत लीग हा पदकाचा खेळ होता, भारताचा संघही तेथे उतरला, आणि उपांत्यपूर्व फेरीत व्हिएतनामकडून हरला. सुवर्णपदक केरियाचा समावेश असलेल्या कोरियाने नेले. मुंबई-पुण्याच्या खेळाडूला आणखी एक अडचण सोसावी लागते. येथले पुष्कळजण सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळतात. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे आदर्श स्थितीतही जाऊन-येऊन चाळीसएक मिलिसेकंद गेलेच, आणि प्रत्यक्षातली केबल वळणे घेत जाते, त्यामुळे पिंग, म्हणजे हा जाण्या-येण्याचा वेळ, त्याहून जास्तच. डोळ्यासमोर दिसणारा शत्रू हा थोड्या भूतकाळातला शत्रू असतो. तलवारधाऱ्याला हे फारसे जाणवत नाही. परंतु ज्याचा मंत्र आधीच अर्धा सेकंद उशिरा पडतो त्याला ही वजाबाकी दर नेमात करावी लागते. मिनियन पाहून नेम धरण्याची सवय येथे दुप्पट उपयोगी पडते, ती याचमुळे.

एवढे सांगितल्यावर दोषही सांगितले पाहिजेत. वर सांगितलेल्या जादूगारांपैकी कोणालाही झेप घेऊन निसटण्याची स्वतःची शक्ती नाही. पाच मिनिटांतून एकदा वापरता येणारा फ्लॅश हाच आधार. ब्लिट्झक्रँकचा यांत्रिक हात किंवा नॉटिलसचा नांगर एकदा लागला की पल्ल्याचे सारे माहात्म्य संपते, कारण मग शत्रू दोन पावलांवर असतो. लढाईच्या उत्तरार्धात, ड्रॅगन आणि बॅरन या रणांगणावरच्या राक्षसी प्राण्यांसाठी दहाही माणसे एका खिंडीत कोंडली जातात तेव्हा पुढे उभे राहून घाव झेलणारा कोणी नसेल, तर मागचा जादूगार आणि मागचा एडीसी दोघेही एकाच वेळी कापले जातात. आपल्या चौघांपैकी एकही धिप्पाड लढवय्या नसताना हट्टाने झेराथ निवडणारा खेळाडू डाव सुरू होण्याआधीच अर्धा हरलेला असतो, असे मी निःसंकोच म्हणतो.

ज्यांना तरीही ही वाट धरायची असेल त्यांनी प्रारंभ झेराथपासून करू नये. लक्स घ्यावी. तिची बेडी पहिल्या मिनियनवर फुटत नाही, तिच्या ढालीने एडीसीची समजूत काढता येते, आणि तिचा प्रकाशगोळा फेकून झुडपात दडलेला शत्रू दिसतो, म्हणजे अंधारात स्वतः तोंड घालावे लागत नाही. तिच्यावर हात बसला, आणि मुख्य म्हणजे अर्धमेला शत्रू एडीसीसाठी सोडून देण्याचे मन झाले, की मग झेराथकडे वळावे. आणि तोवर कंट्रोल वॉर्डाचे पंचाहत्तर गोल्ड कोणत्याही ग्रंथासाठी राखून ठेवू नयेत.